ऐनवेळचा विषय

मांडवात शिरता शिरता बापूंनी माझं मनगट धरलं आणि म्हणाले, "आज तू वर बसायचं. माझ्या शेजारी."

"बापू, मी नोकर माणूस. वर संचालक बसतात."

"संचालक झोपा काढायला बसतात. तू बस. लोकांना दिसू दे, आपली वीज कुणी वाचवली ते."

मोंढ्यातल्या पटांगणात सभेसाठी कापडी मांडव घातला होता. कर्ण्यावर सनई लावलेली, समोर गावोगावचे सभासद सतरंज्यांवर दाटीवाटीनं बसलेले, आणि त्या सगळ्यांच्या नजरा आमच्याकडे. बापूंनी मनगट सोडलंच नाही. तसंच धरून त्यांनी मला पायऱ्या चढवल्या आणि स्वतःच्या उजव्या हाताच्या खुर्चीत बसवलं. ती खुर्ची उपाध्यक्षांची. उपाध्यक्ष अनंत वट्टमवार उठले. हसले आणि बापूंच्या डाव्या बाजूला जाऊन बसले. हा माणूस कधी रागावत नाही याचंच मला त्या काळी कौतुक होतं.

धामणखेडा तालुका वीज सहकारी संस्था ही लोकांच्या मालकीची होती. ज्याच्या घरी मीटर तो सभासद, आणि सभासद लहान असो की बडा, मत एकच. सरकारी वीज मंडळ आमच्या भागात खांब रोवायलाही तयार नव्हतं, तेव्हा दिगंबरराव होळंबे, म्हणजे बापू, सायकलवर गावं पालथी घालत फिरले, लोकांकडून शेअर गोळा केले आणि ही संस्था उभी केली. तेव्हापासून अध्यक्ष तेच. मी मंडळात इंजिनिअर म्हणून चिकटले होते. एका बैठकीत त्यांनी मला बोलताना ऐकलं आणि दुसऱ्याच आठवड्यात आमच्या घरी येऊन माझ्या वडिलांसमोर बसले. "बिडवे मास्तर, तुमची लेक मला द्या. माझ्या संस्थेला हवी आहे." वडिलांनी चहा पाजून त्यांना वाटेला लावलं. सरकारी नोकरी सोडून सहकारात जाणं म्हणजे त्यांच्या लेखी विहिरीत उडी घेणं होतं. मी ती घेतली. वडील माझ्याशी कित्येक महिने बोलले नाहीत.

पण काम होतं, आणि ते कुणासाठी हे डोळ्यांना दिसत होतं. एखाद्या वस्तीची डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, जळाली की आमचे लाइनमन बैलगाडीत घालून दुसरी नेत. आपल्याच संस्थेची वीज, म्हणून लोक त्यांना भाकरी घालत. मग सरकारच्या मनात आलं की अख्ख्या जिल्ह्याचा वीजपुरवठा एका खासगी कंपनीला द्यावा. आमच्यासारख्या संस्थांनी त्यात मुकाट्यानं विरघळून जावं. बापू मला म्हणाले, "शरयू, तू लढ. मी मागे उभा आहे."

मी लढले. वीज आयोगापुढे सुनावणी होती. कंपनीचे वकील कोट चढवून आले होते आणि मी सुती साडीत. माझ्याबरोबर एकच साक्षीदार होती, भिलदरी तांड्यावरची जमनाबाई राठोड. तिनं त्याआधी जिल्ह्याचं गावही पाहिलं नव्हतं. आयोगाच्या अध्यक्षांनी विचारलं, "बाई, तुमचं म्हणणं काय?" जमनाबाई उठली, पदर नीट केला आणि म्हणाली, "साहेब, आमचा तांडा लांब हाय. आमच्याकडून कुनाला फायदा नाही. संस्था आमची हाय म्हनून आमच्याकडं दिवा हाय. दुसऱ्याची झाली तर तो कशाला येईल?" पुढचा सगळा युक्तिवाद मी तिच्या त्या वाक्यावर उभा केला. आयोगानं कंपनीच्या अर्जावरचा निर्णय थांबवून ठेवला. वर्तमानपत्रांतून आमचे फोटो आले. परतताना जमनाबाई एसटीच्या खिडकीशी बसली होती. ती मला म्हणाली, "बाई, तुमी जिथं म्हनाल तिथं मी अंगठा लावीन."

त्यानंतरची ही पहिलीच सर्वसाधारण सभा. सत्कार बापूंचा होता, पण त्यांनी आपल्या गळ्यातला हार काढून माझ्या गळ्यात घातला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बायकांच्या बाजूला बसलेल्या जमनाबाईनं दोन्ही हात वर करून वाजवल्या. मला वाटलं, वडिलांनी आज इथं असायला हवं होतं.

मग विषयपत्रिका सुरू झाली. मागचं इतिवृत्त, मंजूर. ताळेबंद, मंजूर. वट्टमवार एकेक विषय वाचत आणि खालून ठेक्यात आवाज येई, "मंजूर, मंजूर." ऊन वाढत चाललं होतं. मांडवामागे बुंदी तळल्याचा वास येत होता आणि माणसं चुळबुळ करू लागली होती. शेवटी वट्टमवार म्हणाले, "आता माननीय अध्यक्षांच्या परवानगीनं ऐनवेळचा विषय." बापूंनी मान हलवली. वट्टमवारांनी माइक तोंडाशी धरला आणि एका दमात वाचायला लागले.

"संस्थेचे शिल्पकार दिगंबर बापू होळंबे यांच्या अतुलनीय सेवेबद्दल कृतज्ञता म्हणून मुख्य उपकेंद्रास त्यांचे नाव देण्यात यावे..."

टाळ्यांचा कडकडाट झाला. कुणीतरी ठरल्याप्रमाणे हलगी वाजवायला सुरुवात केली. वट्टमवार थांबले नाहीत. हलगीच्या आवाजातच ते पुढचं वाचत गेले, आणि मी त्यांच्या अगदी जवळ बसले होते म्हणूनच मला ते ऐकू आलं. "...तसेच नामकरण झालेल्या उपकेंद्रासह संस्थेच्या सर्व वाहिन्या व कारभार कंपनीच्या हाती सोपवण्यास, आणि आयोगापुढील संस्थेची हरकत मागे घेण्यास, ही सभा एकमताने संमती देत आहे."

मला क्षणभर कळेचना. मी बापूंकडे पाहिलं. ते हात जोडून लोकांना नमस्कार करत होते. त्यांना डाव्या कानानं कमी ऐकू येई आणि वट्टमवार डाव्या बाजूला उभे होते. माझ्या मनात एकच आलं: म्हाताऱ्याला फसवलं. भर सभेत, त्याच्याच सत्काराच्या आडून.

मी उठले आणि माइकपाशी गेले. "हरकत आहे," मी म्हणाले. "या ठरावात दोन ठराव आहेत. नावाचा वेगळा घ्या आणि कंपनीचा वेगळा. सभासदांना पुन्हा वाचून दाखवा."

हलगी थांबली. मी बापूंकडे वळले आणि त्यांच्या उजव्या कानाशी वाकून सांगितलं, "बापू, यांनी संस्था कंपनीला देऊन टाकायचं यात घातलंय. तुम्ही थांबवा."

बापूंनी माझ्याकडे पाहिलं. मग सावकाश उठले आणि माझ्या हातातून माइक घेतला.

"मंडळी," ते हसत म्हणाले, "ही आमची बिडवेबाई. गुणाची पोर. पण आयोगापुढं बोलून बोलून हिला खोड लागली. समोर माणूस दिसला की घेतलीच हरकत!"

लोक हसले.

"अजून लग्न ठरत नाही हिचं. कसं ठरणार? बोहल्यावर भटजीनं अंतरपाट धरला तरी म्हणेल, हरकत आहे!"

आता सगळा मांडव हसायला लागला. वरचे संचालक हसले. बायकांच्या बाजूनंही हसू आलं. मी गळ्यात हार घालून उभी होते.

"आता मला सांग, लेकरा," बापूंनी आवाज मऊ केला, "माझ्या नावाला तुझी हरकत आहे का? असली तर मोकळेपणानं सांग. मी आत्ता नाव काढायला लावतो."

माइक त्यांनी माझ्या तोंडापुढे धरला. खाली हजारभर माणसं वाट पाहत होती.

"नावाला हरकत नाही, बापू. पण..."

"झालं की मग!" त्यांनी माइक मागे घेतला. "बाईंची हरकत नाही. हात वर करा मंडळी."

"मंजूर! मंजूर!"

हातांचं रान उगवलं. त्यात एकच बाई मांडीवर हात ठेवून बसली होती. जमनाबाई. ती हसली नव्हती आणि तिनं हात वर केला नव्हता. ती माझ्याकडे बघत होती, मी काय करते ते पाहायला. वट्टमवारांनीही तिच्याकडे पाहिलं. "एकमतानं मंजूर," ते म्हणाले, आणि बुंदीची ताटं आली.

संध्याकाळी मी बापूंच्या घरी गेले. अपमान गिळून टाकला होता. सबंध दुपार मी त्यांच्यासाठी कारणं शोधली होती: त्यांना नीट ऐकू आलं नसेल, सत्काराच्या भरात मी मध्येच उठले ते त्यांना आवडलं नसेल, चारचौघांत माणूस चिडतो. रस्ता अजून होता. अध्यक्षांनीच म्हणायचं, मला ठराव समजला नव्हता. पुन्हा सभा बोलवायची. सहकार निबंधकांकडे तक्रार करायची. सगळं मनात मांडून मी आत शिरले.

ओसरीवर पाट मांडले होते. बापू जेवत होते आणि त्यांच्या शेजारच्या पाटावर वट्टमवार. काकू वाढत होत्या. मला पाहून त्यांचा वाढता हात थांबला, मग त्या आत निघून गेल्या.

"ये, शरयू," बापू म्हणाले. "बस. जेवतेस?"

"मला तुमच्याशी एकट्याशी बोलायचंय, बापू."

"बोल की. अनंता घरचाच आहे."

वट्टमवार भाकरी मोडत राहिले. मी उभ्याउभ्याच बोलले. सगळं सांगितलं: ठराव कसा जोडला, कायद्यानं तो कसा टिकत नाही, पुन्हा सभा कशी बोलावता येईल. "तुम्ही फक्त एवढंच म्हणा, की तुम्हाला फसवलं. बाकीचं मी बघते. आयोगापुढं मी पुन्हा उभी राहते."

बापूंनी मला पुरतं बोलू दिलं. मध्ये एकदाही अडवलं नाही. मी थांबल्यावर त्यांनी पाण्याचा घोट घेतला.

"ऐनवेळचा विषय कुणाच्या परवानगीनं येतो, शरयू?"

"अध्यक्षांच्या."

"अध्यक्ष कोण आहे?"

वट्टमवार खाली मान घालून हसले. सकाळी खुर्चीवरून उठताना हसले होते, अगदी तसेच.

"बापू, सांगून टाका तिला," ते म्हणाले. "उगाच पळापळ करायली बिचारी."

"कंपनीचा माणूस पहिल्यांदा आला," बापू सांगू लागले, जणू कुठली तरी जुनी गंमत सांगत होते, "तेव्हा त्यानं मला विश्रामगृहावर बोलावलं. मला! आणि बाहेरच्या बाकड्यावर बसवून ठेवलं. भेटला तेव्हा म्हणाला, तुमची संस्था फुकटातसुद्धा नको, सरकार देतंय म्हणून घ्यायची. त्या दिवशी मी घरी आलो आणि तुला म्हणालो, लढ."

"हो."

"तू लढलीस. काय लढलीस! आयोगाकडे तुझी हरकत गेली आणि कंपनीचे वरचे लोक घाबरले. महिन्याभरात त्यांचा सगळ्यात मोठा साहेब इथं आला. याच ओसरीवर, याच पाटावर बसून जेवला. म्हणाला, बापू, तुमचं काय ते सांगा. जावई त्यांच्या संचालक मंडळावर, मी सल्लागार समितीचा अध्यक्ष, अनंता इथला मुख्य व्यवस्थापक. उपकेंद्राला नाव. सगळं कबूल." त्यांनी ताकाची वाटी उचलली. "तू जितकी जोरात बोललीस ना, लेकरा, तितकं माझं वजन वाढलं."

"म्हणजे सुनावणीला... मी जमनाबाईला घेऊन गेले तेव्हाही?"

"तेव्हा तर पक्कंच झालं होतं. त्या बाईनं मात्र बहार आणली. त्यांचा साहेब तिचंच नाव काढत होता."

"आणि लोक? तुम्ही सायकलवरून फिरून..."

"मी म्हातारा झालो, शरयू. माझ्यामागं ही संस्था चार माणसं भांडून खाणार. मग मी नसताना विकण्यापेक्षा मीच विकली. निदान पाटीवर नाव राहील." ते अगदी समजुतीनं बोलत होते. "तुझ्यावर माझा राग नाही. सकाळी मी तुला वर बसवलं ते उगाच नाही. तू शेजारी बसलेली दिसलीस, तेव्हाच निम्म्या लोकांनी मनातल्या मनात हात वर केला. कंपनीत राहा. अनंता तुला चांगली जागा देईल."

"देईन की," वट्टमवार म्हणाले. "हरकत नसेल तर."

दोघंही हसले. मी पायऱ्या उतरून खाली आले, तेव्हा गळ्यातला हार अजून तसाच होता हे माझ्या ध्यानात आलं. फाटकाशी तो काढला आणि ठेवायला जागा मिळेना म्हणून हातात घेऊन घरापर्यंत चालत गेले.

मी राजीनामा दिला. वडिलांनी एकदाच विचारलं, "आता?"

उत्तर जमनाबाईनं आणून दिलं. कंपनी आल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात भिलदरी तांड्याची डीपी जळाली. ती कचेरीत गेली तेव्हा वट्टमवारांनी तिला आत बोलावलं, पंख्याखाली बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाले, "हात वर केला नव्हता ना तू? मग बिडवेबाईला सांग. ती आणून देईल वीज." डीपी कुणी बदलली नाही. पुढे तारा उतरवून नेल्या, मग खांबही. ती माझ्या दारात येऊन बसली आणि हे सगळं तिनं तक्रारीचा सूर न लावता सांगितलं. "तुमी उभ्या ऱ्हायलात म्हनून मी हात खाली ठेवला," ती म्हणाली. "आता काय करायचं ते तुमीच सांगा."

तांड्याच्या बाजूनं आयोगाकडे केलेला तो अर्ज म्हणजे माझ्या पुढच्या सगळ्या कामाची सुरुवात. लोक आज माझी ओळख करून देताना बरंच काही सांगतात: सार्वजनिक वीजसंस्थांचा महासंघ, कायद्याच्या मसुद्यावरची भांडणं, दोन राज्यांच्या मंडळांवरची पदं. त्या सगळ्याआधी हा एक तांडा होता, आणि कंपनी तारखांवर तारखा घेत होती. तेवढ्या वर्षांत जमनाबाईचा नवरा अंधारात सर्पदंशानं गेला. तिची नातवंडं चिमणीच्या उजेडात शिकली, किंवा शिकली नाहीत. मी इतर ठिकाणचे खटले जिंकत होते आणि हा अडकून पडला होता. शेवटी आदेश आला: कंपनीनं स्वतःच्या खर्चानं तांड्याला पुन्हा वीज द्यावी.

कंपनीनं दिली. पण समारंभ करून.

जमनाबाईनं निरोप पाठवला म्हणून मी गेले. तांड्याच्या तोंडाशी छोटं व्यासपीठ घातलं होतं. कंपनीचा फलक, फुलांच्या माळा, पेपरवाले. मधल्या खुर्चीत शाल पांघरलेले बापू होते. खूप थकले होते, पण डोळे तेच. त्यांच्यापुढे टेबलावर एक लाल बटण बसवलं होतं. वट्टमवारांनी भाषण केलं. बापूंच्या शब्दाखातर कंपनीनं तोटा सोसून इथं वीज आणली, बापूंचं स्वप्न आज पुरं होत आहे, असं ते म्हणाले. आयोगाचं नाव नाही, आदेशाचं नाव नाही. मी मागे, बाभळीखाली उभी होते. ऐकून घेतलं. म्हटलं, दिवा लागतोय ना, लागू दे.

"आणि आपल्यात," वट्टमवार म्हणाले, "बापूंच्या जुन्या शिष्या बिडवेबाईही आल्या आहेत. त्यांनी वर यावं, बापूंचे आशीर्वाद घ्यावेत, आणि मग बापू बटण दाबतील."

मी जागची हलले नाही. माणसं मागे वळून बघू लागली. वर बापू बटणावर पंजा ठेवून बसले होते आणि माझ्याकडे पाहत होते. त्यांना काही घाई नव्हती. दिवस मावळत आला होता. पोरं नव्या बल्बांकडे माना वर करून उभी होती.

एका लहान पोराच्या खांद्यावर हात ठेवून गर्दीतून जमनाबाई आली. पार वाकली होती.

"बाई, चला वर."

"नाही, जमनाबाई. वीज आदेशानं आलीये. त्यांनी बटण दाबलं नाही तरी द्यावीच लागेल."

"ते मला कळतं."

"त्या माणसानं काय केलं ते तुम्हाला सांगितलंय मी. सगळं."

"सगळं ठाऊक हाय," ती हळू आवाजात म्हणाली. "पन उद्या डीपी जळाली तर मी कुनाच्या दारात जाऊ? तुमी आदेश आनाल. आनाल, मला भरोसा हाय. तवर हे पोरगं बाप झालेलं असंल." तिनं माझा हात धरला. "मी मघाशीच पडले त्यांच्या पाया. आता तुमी पडा. माझ्यासाठी पडा, बाई."

ती मला हाताला धरून घेऊन गेली. पायऱ्या तिनंच चढवल्या. बापूंनी मान तिरकी करून पाहिलं आणि पाय जरासे पुढे केले. मी वाकले. त्यांनी मोकळा हात माझ्या डोक्यावर ठेवला. दुसरा बटणावरच होता.

"सुखी राहा, लेकरा," ते म्हणाले.

फोटोवाला खालून ओरडला, "बापू, बाईंचा चेहरा आला नाही. परत एकदा घ्या."

"परत एकदा, शरयू," बापू म्हणाले.

मी परत वाकले, आणि या वेळी चेहरा वर ठेवला. मग कुठे त्यांनी बटण दाबलं.